नागपुरात छान वळते, कोइंबतूरला नाक बाहेर काढते: वेगात पुढून घसरणाऱ्या फॉर्म्युला स्टुडंट गाडीचे समस्या निवारण

फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या छोट्या शर्यतीच्या गाड्यांची स्पर्धा. त्यात लक्षण बहुतेक संघांचे एकच असते. कॉलेजच्या पार्किंगमध्ये कोन्समधून गाडी झकास फिरते, स्किडपॅडची, म्हणजे लहान वर्तुळातल्या फेऱ्यांची, वेळ दरवेळी सुधारते. जानेवारीत फॉर्म्युला भारत या स्पर्धेसाठी कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर गाडी उतरवली, की लांब वळणात ड्रायव्हर स्टीअरिंग वळवतच राहतो आणि गाडीचे नाक काही आत येत नाही. मग पिटमध्ये कोणीतरी मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचे एका बाजूला कलणे रोखणारा दांडा) कडक करते. लांब वळणात थोडा फरक पडतो, पण आता हेअरपिनमधून बाहेर पडताना मागची बाजू सुटते आणि एंड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीत, गाडी गोल फिरते. पुढच्या वर्षी नवा संघ, नवी गाडी आणि तीच तक्रार.

याचे मूळ नागपुरात मिळणाऱ्या जागेत आहे. पार्किंगमध्ये ताशी ३५ ते ४५ किमीच्या वर जाता येत नाही. डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारे हवेचे बल, वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ४० ला जेवढा असतो त्याच्या चौपट ८० ला होतो. तो पुढच्या आणि मागच्या चाकांवर चुकीच्या प्रमाणात वाटला जात असेल, तर ४० ला ती चूक टायरच्या पकडीत लपून जाते. म्हणून स्पॅनर हातात घेण्याआधी एकच प्रश्न सोडवा: हा दोष वेगाबरोबर वाढतो का? वाढत असेल तर विंग आणि फ्लोअरकडे (गाडीच्या तळाकडे) जा. वाढत नसेल तर टायर, टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन), कॅम्बर (चाकांचा उभा कल) आणि डिफरन्शिअलकडे (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेकडे). या दोन दोषांची औषधे वेगळी आहेत. एकाचे दुसऱ्याला दिले, की दोन आजार होतात.

आधी आकड्यांत बघू

समजा ड्रायव्हरसकट गाडी ३०० किलो आहे, पुढे ४७ टक्के वजन म्हणजे १४१ किलो, मागे १५९. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले अंतर) १५५० मिमी. संपूर्ण एअरो पॅकेजचा (विंग, फ्लोअर वगैरे मिळून) डाउनफोर्स गुणांक गुणिले क्षेत्रफळ २.५ चौरस मीटर, ड्रॅगचा (हवेच्या मागे खेचणाऱ्या बलाचा) १.२. हवेची घनता १.१ किलो प्रति घनमीटर धरा. ताशी ८० किमीला डाउनफोर्स साधारण ६९ किलो आणि ड्रॅग ३३ किलो येतो.

सीएफडी (संगणकावर काढलेल्या हवेच्या प्रवाहाचा) अहवाल म्हणतो, ‘एअरो बॅलन्स पुढे ४० टक्के.’ म्हणजे डाउनफोर्सचा ४० टक्के वाटा पुढच्या चाकांवर: पुढे २८, मागे ४१. वाचायला बरे वाटते, पण बऱ्याच अहवालांत हा आकडा फक्त उभ्या बलांवरून काढलेला असतो. ड्रॅग जमिनीवर लागत नाही. मागची विंग उंच असल्याने तो सरासरी ६०० मिमी उंचीवर लागतो आणि गाडीला मागे कलवतो. ३३ गुणिले ६०० भागिले १५५०, म्हणजे जवळजवळ १३ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात आणि मागच्यांवर जातात. आता पुढे १५, मागे ५४. खरा एअरो बॅलन्स ४० नव्हे, २२ टक्के. (अहवालातला मोमेंट, म्हणजे गाडीला कलवणारा जोर, चाकांच्या जमिनीवरच्या बिंदूंभोवती, ड्रॅग धरून काढलेला असेल तर हे १३ किलो पुन्हा वजा करू नका. अहवाल बनवणाऱ्याला आधी विचारा.)

आता ८० ला पुढे १५६, मागे २१३. पुढच्या चाकांवरचा भार ४७ वरून सव्वाबेचाळीस टक्क्यांवर आला. वळताना मात्र पुढच्या चाकांना गाडीच्या वस्तुमानाचा ४७ टक्के भाग आत ओढायचाच असतो, कारण हवेने वस्तुमान वाढत नाही. काम ४७ चे आणि भार ४२ चा, म्हणून नाक बाहेर जाते. हेच गणित ताशी ३६ किमीला केले तर डाउनफोर्स एकूण १४ किलो आणि पुढचा भार ४६ टक्क्यांच्या आसपास. एका टक्क्याचा हा फरक पार्किंगमध्ये कोणालाच जाणवणार नाही.

दोष हवेचा आहे की यंत्रणेचा

दोन वर्तुळे आखा. पहिले स्किडपॅडचे, आतला व्यास १५.२५ मीटर. तिथे वेग ४० च्या आसपास राहतो. दुसरे ३० मीटर त्रिज्येचे, जिथे दीड जी (गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट) पकडीला वेग ७५ च्या आसपास जातो. त्यासाठी मोठे, मोकळे डांबर किंवा काँक्रीट लागते आणि बाहेरच्या बाजूला निदान १५-२० मीटर काहीही नको: खांब नाही, नाली नाही, बघायला उभी मुले नाहीत. अशी जागा वर्षातून दोनच दिवस मिळत असेल तर ते दोन्ही दिवस या चाचणीला द्या. पार्किंगमधल्या वीस दिवसांपेक्षा ते मोलाचे आहेत.

दोन्ही वर्तुळांवर गाडी आधी विंगसह आणि मग विंग काढून चालवा. विंग काढल्यावर तेवढेच वजन त्याच जागी बांधा, नाहीतर वजनाची वाटणी बदलेल. लहान वर्तुळात ठीक आणि मोठ्या वर्तुळात फक्त विंगसह पुढून घसरत असेल, तर दोष हवेचा. विंगशिवायही मोठ्या वर्तुळात तसेच होत असेल, तर या लेखातला यापुढचा भाग सोडा आणि टायरचा दाब, टो, पुढचा कॅम्बर बघा. लहान वर्तुळातही नाक बाहेर जात असेल आणि मागे डिफरन्शिअलऐवजी स्पूल (एकसंध जोडणी) बसवला असेल, तर तिथेच थांबा. दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरायला बांधली गेली, की अरुंद वळणात गाडी सरळ ढकलली जाणारच.

ड्रायव्हरला ‘कशी वाटली?’ असे विचारू नका. वळणात शिरताना, मध्यावर आणि थ्रॉटल देताना काय झाले ते तीन वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या, प्रत्येकासमोर वेग लिहा.

वारा आणि ऊन

ताशी ५४ किमी, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जाताना समोरून सेकंदाला ३ मीटरचा वारा असेल, तर हवेचा वेग १८ होतो आणि डाउनफोर्स ४४ टक्क्यांनी वाढतो. पाठीमागून असेल तर ३६ टक्क्यांनी घटतो. अशा वाऱ्यात दोन अंश फ्लॅप (विंगचे कोन बदलता येणारे मागचे पाते) हलवून त्याचा परिणाम शोधणे व्यर्थ आहे. सकाळी साडेसहा ते आठ ही नागपुरातली खरी चाचणीची वेळ. सरळ रेषेतल्या प्रत्येक चाचणीची फेरी दोन्ही दिशांनी करून सरासरी घ्या.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. डिसेंबरच्या सकाळी १२ अंश तापमानात हवेची घनता १.२ च्या जवळ असते, मेच्या दुपारी ४५ अंशांत ती १.०६ पर्यंत उतरते. तेवढ्याने डाउनफोर्स ११ टक्क्यांनी कमी होतो. निव्वळ घनतेने पुढचा-मागचा वाटा बदलत नाही, दोन्हीकडे सारखेच घटते. पण इथे एक खाच आहे. तापलेली हवा तिच्या घनतेच्या मानाने जास्त चिकट असते, म्हणून त्याच वेगाला रेनॉल्ड्स अंक (हवेच्या जडत्वाचे तिच्या चिकटपणाशी प्रमाण; तो कमी असेल तर हवा पात्यापासून लवकर सुटते) डिसेंबरपेक्षा जवळजवळ १९ टक्क्यांनी खाली येतो. ३०० मिमी कॉर्डच्या (पात्याची पुढून मागेपर्यंतची लांबी) विंगसाठी ५४ किमी वेगाला तो अडीच ते तीन लाखांच्या घरात असतो, म्हणजे आधीच कमी. स्टॉलच्या, म्हणजे हवा पात्यापासून सुटण्याच्या, कडेवर ठेवलेला फ्लॅप डिसेंबरात हवा धरून ठेवतो आणि मेमध्ये सोडतो. तो पुढचा असेल तर बॅलन्स मागे जातो, मागचा असेल तर पुढे येतो. म्हणून उन्हाळ्यातल्या फ्लॅपच्या खुणा जानेवारीसाठी जशाच्या तशा वापरू नका.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. कूलंट ९५ अंशांवर धरायचे तर बाहेर ३० असताना ६५ अंशांचा फरक मिळतो, ४५ असताना फक्त ५०. गाडी तापते म्हणून संघ साइडपॉडला (बाजूला रेडिएटर झाकणाऱ्या कवचाला) मागे मोठी भोके पाडतो, आणि तिथून निघणारी गरम, मंद हवा डिफ्यूझरच्या (फ्लोअरच्या मागच्या चढत्या भागाच्या) आणि मागच्या विंगच्या तोंडाशी जाते. तशी भोके पाडायची असतील तर त्यांवर बसणारी झाकणे आधी बनवा आणि स्पर्धेसाठी ती बंद करा.

धागे आणि पोटेन्शिओमीटर

बर्डीत किंवा गांधीबागेत मिळणारी साधी लोकर पुरते. सहा सेंटीमीटरचे तुकडे, पाच सेंटीमीटरच्या अंतराने, कागदी टेपने चिकटवा. फ्लॅपच्या वरच्या बाजूला लावून काही कळत नाही. स्टॉल खालच्या, सक्शनच्या बाजूला होतो, तिथे लावा आणि एंडप्लेटच्या (विंगच्या टोकाच्या उभ्या पाटीच्या) आत छोटा कॅमेरा बसवा. ४०, ६० आणि ८० ला चित्रीकरण करा. धागे मागे ताणलेले असतील तर हवा चिकटून आहे, गोल फिरत किंवा उलटे वळत असतील तर तो भाग फक्त ड्रॅग देतो आहे. मधला भाग ठीक आणि कडा सुटलेल्या, असे दिसले तर दोन पात्यांमधली फट मोजा. ती कॉर्डच्या एक ते दोन टक्के असावी आणि संपूर्ण रुंदीत सारखी असावी. हाताने बसवलेल्या फ्लॅपमध्ये डावीकडे ४ मिमी आणि उजवीकडे ७ मिमी अशी फट सर्रास सापडते, आणि मग गाडी डावीकडे वेगळी वळते, उजवीकडे वेगळी.

डॅम्परवर (शॉक ॲब्सॉर्बरवर) पोटेन्शिओमीटर, म्हणजे त्याची हालचाल मोजणारे सेन्सर, असतील तर खरा बॅलन्स मोजता येतो. सपाट सरळ रस्त्यावर स्थिर वेगाने जा, निदान चार सेकंदांची सरासरी घ्या, आणि ताशी २० किमीच्या वाचनातून फरक काढा. डॅम्परची हालचाल भागिले मोशन रेशो (चाक एक मिमी हलले की डॅम्पर किती हलतो ते प्रमाण) म्हणजे चाकाची हालचाल, आणि ती गुणिले व्हील रेट (चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा) म्हणजे त्या चाकावरचा जादा भार. वरच्या उदाहरणात व्हील रेट सगळीकडे ३० न्यूटन प्रति मिमी धरला, तर ८० ला पुढची बाजू अडीच मिमी बसेल आणि मागची जवळजवळ ९. अडीच मिमी हा आकडा डॅम्परच्या घर्षणात सहज हरवतो, म्हणून एका फेरीवर विश्वास ठेवू नका, सहा फेऱ्या करा. मागच्या सस्पेन्शनमध्ये अँटी-स्क्वॉट (ओढ लागताना मागची बाजू बसू न देणारी रचना) जास्त असेल तर इंजिनची ओढ मागची बाजू उचलून धरते आणि मागचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी येतो.

या दोन आकड्यांत आणखी एक दुष्टचक्र आहे. मागची बाजू ९ आणि पुढची अडीच मिमी बसली, की गाडी नाक वर करते. पुढची विंग पुढच्या एक्सलच्या ६०० मिमी पुढे असेल तर जमिनीजवळ जाण्याऐवजी ती होती तिथेच राहते. शिवाय फ्लोअरचा रेक (मागची बाजू पुढच्यापेक्षा जेवढी उंच तेवढा फरक) साडेसहा मिमीने कमी होतो. मागे झुकलेला बॅलन्स वेगाबरोबर स्वतःला आणखी मागे नेत राहतो.

ब्रेकवर मागून, थ्रॉटलवर पुढून

शिरताना मागची बाजू हलकी आणि बाहेर पडताना पुढची, अशी दुहेरी तक्रार असेल तर विंगचा कोन नव्हे, गाडीची मागेपुढे झुकण्याची हालचाल दोषी आहे. गुरुत्वमध्य ३०० मिमी उंचीवर आणि ब्रेक १.४ जी असेल तर साधारण ८१ किलो भार पुढे येतो. पुढचे प्रत्येक चाक १३ मिमी दाबले जाते, मागचे तेवढेच उठते, आणि ६०० मिमी पुढे असलेली विंग एकूण २३ मिमी खाली जाते. उभ्या गाडीत ६० मिमीवर असलेली विंग ब्रेक लावताना ३७ वर असते. जमिनीजवळ तिचा डाउनफोर्स झपाट्याने वाढतो, बॅलन्स एकदम पुढे येतो आणि मागची चाके सुटतात. त्याहून खाली गेली तर विंगखालची वाट चोंदते आणि डाउनफोर्स अचानक पडतो. ते सगळ्यात वाईट, कारण ड्रायव्हरला आधी काहीच कळत नाही.

इथे पुढची विंग १० ते १५ मिमी वर घ्या. कमाल डाउनफोर्स थोडा जाईल, पण तो ब्रेकपासून थ्रॉटलपर्यंत एकसारखा राहील. फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीत आठवड्यातून दोन दिवस चालवणाऱ्या मुलाला कमाल आकड्यापेक्षा एकसारखेपणा जास्त वेळ मिळवून देतो, याबद्दल शंका नको. दुसरा मार्ग पुढचे स्प्रिंग कडक करण्याचा, पण ठिगळाठिगळांच्या डांबरावर कडक स्प्रिंग टायरला नाचवतात आणि संथ वळणातली पकड जाते. मधला मार्ग: स्प्रिंग तसेच ठेवून डॅम्परच्या दांड्यावर बम्प रबर (दाबल्यावर अडवणारा रबरी तुकडा) आणि पॅकर (त्याची जागा ठरवणारी चकती) बसवा, म्हणजे शेवटच्या पाच-सहा मिमीतच कडकपणा येईल. चाकाला नियमाने लागणारी हालचाल उरते का, ते मात्र मोजा.

पुढची विंग वाकते का, हेही याच दिवशी बघा. गाडी उभी करून विंगवर वाळूच्या छोट्या पिशव्या सारख्या पसरा, ८० ला अपेक्षित तेवढ्या किलोच्या. ठेवण्याआधी आणि ठेवल्यावर डिजिटल कोनमापीने फ्लॅपचा कोन मोजा. एका अंशापेक्षा जास्त बदल असेल तर आधी बैठक दुरुस्त करा. बहुतेक वेळा रॉड एंडमधला (दांड्याच्या टोकाच्या गोल सांध्यातला) खेळ किंवा पातळ टॅब (बोल्ट बसवायची पत्री) सापडतो. हिंगणा एमआयडीसीत लेझरने नवे टॅब कापून घ्यायला फार खर्च येत नाही.

दुरुस्तीचा क्रम

मागून सुरुवात करा, पुढून नव्हे. मागची विंग मागच्या एक्सलच्या ३०० मिमी मागे असेल तर तिचा प्रत्येक १० किलो पुढच्या चाकांवरून जवळजवळ दोन किलो उचलतो, आणि तिचा ड्रॅग उंचावर लागत असल्याने वेगळा उचलतो. वरच्या उदाहरणात मागच्या वरच्या फ्लॅपचा कोन उतरवून १२ किलो डाउनफोर्स आणि एक मीटर उंचीवरचा ५ किलो ड्रॅग सोडला, तर पुढे साधारण साडेवीस आणि मागे साडेछत्तीस उरतात. बॅलन्स २२ वरून ३६ वर येतो. मग पुढच्या विंगवर ५ किलो वाढवा. एक्सलच्या पुढे असल्याने ते चाकांवर सात किलो होऊन उतरतात आणि मागून दोन काढतात. आता पुढे सव्वासत्तावीस, मागे साडेचौतीस, बॅलन्स ४४ टक्के. एकूण डाउनफोर्स ६९ वरून ६२ वर आला, पण पुढच्या चाकांवरचा हवेचा भार जवळजवळ दुप्पट झाला. पुढून घसरणाऱ्या गाडीत ते सात किलो तसेही वापरले जात नव्हते. कागदावरचा एकूण आकडा कमी झाला म्हणून अहवाल लिहिणारे नाराज होतात. घड्याळ दाखवा.

लक्ष्य ठेवायचे ते असे: खरा एअरो बॅलन्स उभ्या गाडीच्या पुढच्या वजनाच्या टक्क्यांइतका किंवा तीन-चार टक्क्यांनी मागे. नवा ड्रायव्हर असेल तर मागे. त्याच्या पुढे नेऊ नका, वेगात मागून सुटणारी गाडी धोक्याची आहे.

पुढचे ५ किलो मिळवायला फ्लॅपचा कोन दोन-दोन अंशांनी वाढवा, प्रत्येक टप्प्यावर धागे बघा. धागे सुटायला लागले तर एक टप्पा मागे या आणि मागच्या कडेला गर्नी फ्लॅप लावा. डॅन गर्नीने १९७१ मध्ये रेसिंगमध्ये आणलेली ही छोटी उभी पट्टी कॉर्डच्या एक ते दोन टक्के उंच असते, म्हणजे ३०० मिमी कॉर्डला ३ ते ६ मिमी. इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानातली ॲल्युमिनियमची एल पट्टी कापून दुहेरी टेप आणि दोन रिवेटने बसते. ती दाबाच्या, म्हणजे वरच्या बाजूला उभी राहिली पाहिजे. उलटी लावलेली पाहिली आहे, म्हणून सांगितले.

एका वेळी एकच बदल करा. आधी जुन्या स्थितीत पाच फेऱ्या, मग बदल करून पाच; दरवेळी पहिल्या दोन मोजू नका. मग जुनी स्थिती परत लावून पुन्हा पाच. जुन्या स्थितीच्या दोन वेळा जुळल्या नाहीत तर टायर, ऊन किंवा ड्रायव्हर बदलला आहे, आणि मधल्या निष्कर्षाला अर्थ नाही. टायरचा दाब प्रत्येक वेळी गरम असताना सारखा करा. मेमध्ये डांबर सकाळी नऊनंतर इतके तापते, की दाब तुमच्या नकळत चढत जातो.

हे सगळे झाल्यावर अँटी-रोल बारला हात लावा, आणि तोही लहान वर्तुळावरच्या वागणुकीसाठी. स्पर्धेच्या मैदानावर, फ्लॅपचा कोन बदलायची सगळी भोके संपली असतील आणि गाडी अजून पुढून घसरत असेल, तर मागच्या विंगचा सगळ्यात वरचा फ्लॅप काढून टाका. बार एका भोकापेक्षा जास्त हलवू नका.

नागपूर ते कोइंबतूर ट्रकमध्ये विंग सुट्ट्या जातात. प्रत्येक फ्लॅपच्या निवडलेल्या भोकाभोवती पक्क्या रंगाने खूण करा, डाव्या-उजव्या टॅबवर क्रमांक कोरा, आणि तिथे बसवल्यावर कोन जमिनीवरून नव्हे, चेसिसच्या खालच्या नळीवरून मोजा. पिटची फरशी नागपूरच्या कार्यशाळेइतकी सपाट असेलच असे नाही. फरक अर्ध्या अंशाच्या आत येईपर्यंत गाडी तपासणीच्या रांगेत लावू नका.